सातेरीचं इंजिन

“एकशे धा!” आबांनी पाटावर बसल्या बसल्या हात आपटला, तशी सोलकढीची वाटी कलंडली आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “एकशे धा घोड्यांचां इंजिन आसा माझां. तां सोडून तुमका चाळीसचां व्हया? लोक तोंडात शेण घालतले माझ्या!”

“चाळीससुद्धा नको, आबा. पंचवीस पुरे,” मी म्हणाले.

माझा नवरा गुरुनाथ त्या क्षणी भातात मान घालून बसला तो जेवण संपेपर्यंत वर आलाच नाही. बाप आणि बायको यांच्यात सापडलेल्या माणसाने काय करावं हे त्याला जन्मतः ठाऊक होतं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आयेने, फडक्याने सोलकढी पुसली आणि एवढंच म्हणाली, “जेवा आधी. इंजिन खय पळान जाणा नाय.”

ही बारा वर्षांमागची गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला, कर्ली खाडी समुद्राला मिळते त्या बाजूला आमची वाडी. आम्ही दोघांनी एक होडी बांधायला घेतली होती. मासेमारीची नव्हे, फिरण्याची. दोन छोट्या खोल्या, मागे स्वयंपाकाची जागा, वर सावलीत बसायला ऐसपैस डेक. पाहुण्यांना घ्यायचं, दोन-तीन दिवस खाडीतून हळूहळू वर न्यायचं, खारफुटी दाखवायची, वाटेत नांगर टाकून गुरुनाथच्या हातचं सुरमईचं तिखलं जेवायला घालायचं. गुरुनाथचा हात स्वयंपाकात असा की शेजारणी येऊन त्याला मसाल्याचं प्रमाण विचारतात. होडीचं नाव आधीच ठरलं होतं, ‘निवांत’. होडी पाण्यात उतरवूनही झाली होती. फक्त तिच्या पोटात इंजिन नव्हतं, आणि त्या इंजिनावरून घरात रोज महाभारत चाललं होतं.

आबा म्हणजे नावाजलेले तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, त्याच्या शब्दावर सगळे खलाशी चालणार. त्यांच्या ट्रॉलरचं नाव ‘सातेरी’. आमच्याकडे संध्याकाळी जेटीवर मासळीचा लिलाव होतो, आणि जी होडी आधी पोचते तिच्या मासळीला चढा भाव. मागून येणाऱ्याने मग उरलंसुरलं पदरात पाडून घ्यायचं. त्यामुळे परतताना सगळ्या होड्या जिवाच्या आकांताने जेटीकडे धावतात. आबा बहुतेक वेळा पहिले. ते इंजिन त्यांनी हौसेने, बाकीच्यांच्या दुपटीचं बसवून घेतलं होतं. आमच्या वाडीत माणसाची पत त्याच्या इंजिनाच्या घोड्यांवरून, म्हणजे हॉर्सपॉवरवरून, ठरते, यात माझी अतिशयोक्ती थोडीच आहे. मला बघायला आले तेव्हाही आबांनी माझ्या वडिलांना मुलाचं शिक्षण सांगायच्या आधी इंजिनाचे घोडे सांगितले होते.

पण नशीब बघा. एवढ्या मोठ्या तांडेलाच्या पोटी जो एकुलता एक मुलगा आला, त्याला समुद्र लागायचा. खाडीच्या तोंडाबाहेर होडी गेली की गुरुनाथ हिरवा पडायचा आणि आडवा व्हायचा. आबांनी औषधं केली, नवस केले, शिव्याही दिल्या. शेवटी सोडून दिलं. आता ‘सातेरी’ची लाकडं कुजली होती, ती मोडीत निघायची होती. इंजिन मात्र ठणठणीत होतं. आबांनी आयुष्यभर त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. तेल बदलणं असो नाहीतर नट आवळणं, सगळं स्वतः. आणि आता ते कोणाला द्यायचं, तर एकुलत्या एका मुलाला आणि सुनेला. भर जेटीवर, सगळ्यांदेखत त्यांनी सांगून टाकलं होतं, “माझां इंजिन माझ्या सुनेच्या होडयेत जातलां.”

आणि सून म्हणत होती, नको.

मी काही समुद्राची जाणकार नव्हते. माहेर कुडाळला, वडिलांची पिठाची गिरणी. पण इंजिनाच्या आवाजातच मी वाढले. माझे वडील सांगायचे, दगडाला जेवढं लागतं तेवढंच इंजिन घ्यावं. मोठं इंजिन कामाशिवाय नुसतं फिरत राहिलं की आतून काजळी धरतं आणि तेल पितं. आमची होडी चालणार सावकाश. तिला एकशे दहा घोडे म्हणजे भारी लोखंड मागे बसवून होडीचं बूड पाण्यात दाबायचं, डेकवर बसलेल्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही एवढी धडधड करायची, आणि नावाला जागायचं, ‘निवांत’! पहिल्याच हंगामात पाहुणे कानांत बोटं घालून पळाले असते आणि आमचं सगळं पाण्यात गेलं असतं.

त्या इंजिनाचा आवाजही साधा नव्हता. चालता चालता मधेच त्याला उचकी लागायची. धडधड, धडधड, मग एक ‘हुक्’, आणि पुन्हा धडधड. खाडीच्या तोंडाशी ती उचकी ऐकू आली की आये घरातून हाक मारायची, “भात चढय गो!” भात शिजेपर्यंत आबा लिलाव आटपून दारात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या उचकीवर भात चढवत होते. त्यामुळे त्या इंजिनाला नको म्हणताना मला आत कसंतरी व्हायचं. पण होय म्हणणंही शक्य नव्हतं.

“पाण्यात काय पीठ दळूचां आसा?” आबा मला डिवचायचे. रागात आले की ते मला ‘पीठवाली’ म्हणायचे, खुशीत आले तरी तेच.

“पीठ नाही, पण जोर किती लागतो ते मोजता तर येईल?” एकदा मी चिडून बोलले. “तुम्ही म्हणता एकशे दहा, मी म्हणते पंचवीस. होडीलाच विचारू या की.”

“होडी काय तोंडान सांगतली?”

“काट्याने सांगेल. भाऊ केळुसकरांचा टांगता काटा आणा. ‘सातेरी’ने आमच्या होडीला ओढायचं, दोरीच्या मधे काटा बांधायचा. ओढायला किती किलो जोर लागतो ते दिसेल.”

आबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसले. भाऊ केळुसकर म्हणजे जेटीवरचे मासळीचे व्यापारी, आबांचे जन्माचे स्पर्धक. त्यांच्या काट्यावर आबांची आयुष्यभराची मासळी तोलली गेली होती, आणि दर वेळी काटा खोटा आहे म्हणून भांडणही झालं होतं. “त्या भावाच्या काट्यार सुनेची होडी तोलूची?” ते म्हणाले. पण डोळ्यांत चमक आली होती. पैज म्हटली की आबा नाही म्हणूच शकत नसत. “चल. तोलूया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या पाण्यात आम्ही निघालो. ‘सातेरी’वर सुकाणूपाशी आबा, मागच्या टोकाला मी, माझ्यासमोर दोरीत लटकलेला तो गोल तबकडीचा काटा. मागे लांब दोरीला आमची बिनइंजिनाची होडी आणि तिच्या सुकाणूवर गुरुनाथ, तोंडात आल्याचा तुकडा धरून. भाऊ केळुसकर जेटीवर उभे राहून ओरडले, “तांडेला, सुनेक इकूक काढलंस काय रे?” आबांनी त्यांना एक सणसणीत शिवी हासडली आणि इंजिन चालू केलं.

सुरुवातीला हळू. काटा चाळिसाच्या आसपास डुलत होता. मी आकडा ओरडून सांगायची आणि आबा जीपीएसवरचा वेग सांगायचे. वेग जरा वाढवला, काटा ऐंशीवर गेला. आणखी वाढवला, दीडशे. होडी अजून छान मागे येत होती, पुढे पाण्याची घडी पडत होती.

“बघितलंस? अजून इंजिन झोपलेलांच आसा!” आबा म्हणाले आणि त्यांनी वेगाचा दांडा पुढे रेटला.

काटा सरकन दोनशेच्या पलीकडे, शेवटच्या खुणेला जाऊन आपटला. दोरी तुटते की काय अशी ताणली. आमच्या होडीचं नाक वर उचललं, बूड खाली रुतलं आणि मागे पाणी उकळल्यासारखं खदखदू लागलं. गुरुनाथ दोन्ही हातांनी सुकाणू धरून ओरडत होता, “आबा, पुरो! पुरो!”

“वेग किती?” मी ओरडून विचारलं.

आबांनी जीपीएसकडे बघितलं. पुन्हा बघितलं. बोटाने काच पुसून बघितलं. काटा टोकाला गेला होता, पण वेग जेमतेम ताशी अर्ध्या सागरी मैलाने वाढला होता. आमची होडी एका मर्यादेपुढे पळायलाच तयार नव्हती. उरलेला सगळा जोर पाणी खणण्यात चालला होता. आबांनी दांडा मागे घेतला. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

मग अचानक त्यांनी ‘सातेरी’ खाडीच्या तोंडाकडे वळवली. आम्ही तोंडाबाहेर पोचून परत फिरलो तोवर ओहोटी लागली होती आणि समोरून जमिनीवरचा वारा सुटला होता. आत यायचं म्हणजे खाडी रिकामी होताना त्या लोंढ्यातून वर चढायचं.

“आता ह्यां बघ,” आबा म्हणाले. “काटो किती?”

“शंभरावर.”

“आणि वेग बघ.”

मी पुढे जाऊन बघितलं. मघाशी एवढ्या जोरात होडी झकास पळत होती. आता किनाऱ्यावरचं सुरूचं झाड जागचं हलत नव्हतं. आम्ही जवळजवळ उभेच होतो. वारा आला की आणखी मागे सरकायचो.

“तुझ्या पंचवीसचो इतक्यातच जीव जातलो,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. “घर समोर दिसतलां, चुलीचो धूर दिसतलो, आणि तू हयच रवतलंस. होडयेत लोकांची पोरां असतली. पळूक नको, बरोबर. पण घराक पोचूक व्हया.”

मी मान डोलावली. ही गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नव्हती. गिरणी जागची हलत नाही, तिला घरी पोचायचं नसतं.

“मग चाळीस?” मी हळूच विचारलं.

आबांनी इंजिनाच्या झाकणावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि जेटीकडे बघत बसले.

संध्याकाळी मी धीर करून ओसरीवर गेले. काट्याने सांगितलं होतं ते त्यांनाही दिसलं होतं, मलाही. पण काट्याचं काय जातं? भर जेटीवर शब्द दिला होता तो आबांनी. आता सून सासऱ्याचं इंजिन परत करते म्हटल्यावर वाडी काय म्हणेल ते मी आधीच ऐकू शकत होते. शिवाय त्या इंजिनाला नको म्हणणं म्हणजे त्यांच्या सगळ्या जन्मालाच नको म्हणण्यासारखं.

“आबा, ते इंजिनाचं मी काय म्हणत होते...”

“उद्या सकाळी चेन-पुली येतली,” आबा म्हणाले. “चार माणसांक सांगलंय. इंजिन उचलून तुमच्या होडयेत ठेवचां.”

“पण आबा...”

“उद्या बघूया गो. जा, आये हाक मारता.”

आये हाक मारत नव्हती. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडले. आयेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. सकाळी काय करायचं ते मी ठरवून टाकलं होतं. सगळ्यांसमोर हात जोडायचे आणि नको म्हणायचं. मग आबा माझं तोंड बघोत न बघोत.

सकाळी जेटीवर निम्मी वाडी जमली होती. चेन-पुली लावून तयार. कोणीतरी नारळ आणला होता, कोणी हार. भाऊ केळुसकर खास खुर्ची टाकून बसले होते. मी पुढे गेले, तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, “थांबा. आधी चालू करून दाखयतंय. सगळ्यांनी आवाज ऐकूक व्हयो.”

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. आबा झाकण उघडून आत वाकले, खाटखुट केली, परत आले. पुन्हा पुन्हा फिरवून शेवटी बॅटरीचाही जीव गेला. कोणी तरी मदतीला पुढे झाला तर आबा गरजले, “माझ्या इंजिनाक हात लावचो नाय!” मग स्वतः आणखी एकदा वाकून आत बघितलं आणि कंबर धरून उभे राहिले. चेहरा पडला होता.

“गेलां,” ते म्हणाले. “बसलां इंजिन.”

कोणाचा विश्वास बसेना. आबांचं इंजिन कधी बंद पडल्याचं वाडीत कोणी ऐकलं नव्हतं. इतरांची इंजिनं भर समुद्रात दगा द्यायची, तेव्हा आबा त्यांना ओढून आणायचे आणि वर तोंडभर टोमणे मारायचे. आता सगळ्यांची वेळ आली होती. भाऊ केळुसकरांनी सुरुवात केली, “तांडेला, काल सुनेची होडी ओढलंस तेवढ्यानच दमलां तुझां इंजिन?” सगळी जेटी हसली. एकजण म्हणाला, “एकशे धा घोडे, सगळे लंगडे!” पुन्हा हशा.

मला वाटलं, आता आबा कोणाला तरी पाण्यात ढकलणार. एका शब्दावरून मारामारी करणारा माणूस. पण त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, खाली मान घातली आणि घराच्या वाटेला लागले. माझ्याजवळून जाताना थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता तुझां तू बघ. चाळीसचां घे. तीस नको.”

एवढं बोलून गेले. मी सुटले होते. मला कोणाला नको म्हणावं लागलं नव्हतं. देवच पावला असं मनात आलं, आणि आबांची ती खाली घातलेली मान दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी माहेरी गेले होते, तेवढ्यात इंजिन कुठेतरी गेलं. आबा म्हणाले, भंगारात घातलं. विषय संपला. त्यांचा संपला, वाडीचा नाही. पुढे कितीतरी वर्षं कोणाचंही काहीही बंद पडलं, मिक्सर असो की मोटारसायकल, की जेटीवर हमखास कोणीतरी म्हणायचं, “तांडेलाच्या इंजिनावारी बसलां काय रे?” आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. हळूहळू जेटीवर जाणंच त्यांनी कमी केलं. ओसरीवर बसून जाळी विणत राहायचे.

‘निवांत’ मात्र चालली. चाळीसचं इंजिन तिच्या अंगाला असं बसलं की डेकवर बसून कुजबुजलं तरी ऐकू यावं. पहिल्याच हंगामात एकदा खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि वारा दोन्ही समोरून एकदम आले. होडीत एक कुटुंब होतं, दोन लहान मुलींसह. मी वेगाचा दांडा पूर्ण पुढे केला. सुरूची झाडं एक एक करून, अगदी सावकाश, पण मागे सरकत गेली. त्या दिवशी मी घरी येऊन आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. “आता काय झालां?” म्हणून ते माझ्यावरच खेकसले.

मग गेल्या वर्षी, दिवाळीनंतरचं समुद्र शांत असतानाचं आमचं मोठं फिरणं. हल्ली आम्ही पाहुण्यांना पार विजयदुर्गपर्यंत नेतो. गुरुनाथला आता समुद्र फारसा लागत नाही; आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की पोट जागेवर राहतं, असं त्याचं म्हणणं. त्या खेपेला आयेलाही बरोबर घेतलं होतं. आबा म्हणाले, “मी कित्याक येव? मी काय पावणो?” आणि घरीच राहिले.

विजयदुर्गच्या खाडीत आम्ही नांगर टाकला होता. उन्हं उतरत होती, पाहुणे चहा पीत होते. आये माझ्याजवळ बसून लसूण सोलत होती. आणि किल्ल्याच्या बाजूने आवाज आला. धडधड, धडधड, हुक्. धडधड.

आयेच्या हातातला लसूण तसाच राहिला. गुरुनाथ डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

निळी ट्रॉलर जवळून चालली होती. गुरुनाथने हात केला. होडीचे मालक रज्जाकभाई, बोलका माणूस, ताजी कोळंबी घेणार का म्हणून जवळ आले. कोळंबी घेतली, आणि मी विचारलं, “इंजिन छान आहे. कुठून घेतलंत?”

“काय सांगू ताई!” रज्जाकभाई खुलले. “अकरा-बारा वर्षं झाली, एक दिवस दगा नाही. मालवणकडच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने दिलं. माणूस मोठा विचित्र हो. मी म्हटलं, चालू करून दाखवा. तर म्हणाला, हय नाय, आधी होडयेत भर, लांब ने, मग चालू कर. आणि एकच अट घातली. म्हणाला, ह्यो आवाज परत माझ्या खाडीत आणूचो नाय. माझी सून ऐकतली.”

रज्जाकभाई हात हलवून निघाले आणि ती उचकी लांब लांब जात राहिली.

“आये,” मी म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

आयेने लसणाची पाकळी सोलून ताटात टाकली. “उजाडूच्या आधी उठान गेले आणि डिझेलाचो नळ बंद करून इले,” ती म्हणाली. “माका म्हणाले, पोरगी आपल्या तोंडान नाय म्हणतली तर वाडी तिका जगूक देवची नाय. आणि होय म्हणतली तर होडी बुडतली. त्यापेक्षा माकाच हसूंदेत. मी म्हातारो, माका काय जाता?” आणि पदराने डोळे पुसत ती पुटपुटली, “काय जाता म्हणे. जेटीर जायनासे झाले.”

मी डेकच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि मनसोक्त रडले. पाहुण्यांना वाटलं, कांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुनाथला घेऊन रज्जाकभाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, “भाई, अट मोडायची आहे. ज्या सुनेने ऐकायचं नव्हतं, तीच बोलावते आहे.”

आठ-पंधरा दिवसांनी, संध्याकाळची वेळ. आबा ओसरीवर जाळं विणत बसले होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. दोनदा हाक मारल्याशिवाय वर बघत नाहीत. मी दारात उभी होते आणि कान खाडीकडे लावले होते. खाडीच्या तोंडाशी आवाज उठला. धडधड, धडधड, हुक्.

आबांचा हात थांबला. मान वर झाली. आतून आयेची हाक आली, खणखणीत, तरुणपणी यायची तशी, “भात चढय गो!”

मी आबांच्या पायाशी बसले. ते खाडीकडे बघत होते.

“कोणी सांगल्यान तुका?”

“सांगितलं कोणीतरी. आबा, माझ्यासाठी तुम्ही एवढी वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलंत...”

“गप रव.” त्यांनी कान टवकारला. “एक नोझल चोंदलां हा त्येचां. साफ करूक सांग त्या माणसाक.”

तेवढ्यात जेटीकडून भाऊ केळुसकर धापा टाकत आले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच म्हातारे. वाडीतल्या कोणाला तो आवाज ओळखायला शिकवायला नको होतं. “तांडेला!” भाऊ अंगणातूनच ओरडले. “सातेरी इली? अरे, तां इंजिन बसलेलां ना?”

“बसलेलां,” आबा म्हणाले. “आता उठलां.”

भाऊंनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या रडक्या तोंडाकडे. व्यापारी माणूस, हिशेब चटकन कळतो. ते पुढे येऊन आबांच्या शेजारी ओसरीवर बसले आणि खिशातली तंबाखूची डबी काढून आबांपुढे धरली. एवढ्या वर्षांत भाऊंनी कोणाला आपली डबी दिलेली मी पाहिली नव्हती.

“चला, जेटीर जावया,” थोड्या वेळाने भाऊ म्हणाले. “बघूया तरी.”

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पायरी उतरून दोन पावलं गेले आणि मागे वळले.

“गो पीठवाली.”

“काय आबा?”

“चाळीस पुरलां मा?”

“पुरलं, आबा,” मी म्हणाले. “घरी पोचण्याइतकं पुरलं.”

“मग झालां,” ते म्हणाले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून जेटीकडे निघाले. मी आत गेले आणि रज्जाकभाईंसाठी भातात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले.